शिफारस

माझी पाठ दुखते.

एवढं एक वाक्य लिहायला मला अकरा वर्षं लागली. नामांतरावर लिहिलं, गायरान जमिनीवर लिहिलं, जाळलेल्या घरांवर लिहिलं. पाठीवर नाही लिहिलं. वाटायचं, ज्यांची घरं जाळली त्यांच्यासमोर आपले दोन सरकलेले मणके काय घेऊन बसायचे? आज लिहितो आहे, कारण या पाठीपायी एक प्रश्न उभा राहिला आणि तो माझ्या एकट्याचा नाही. प्रश्न शीलाचा आहे. विहारात एका पोराने तो मला सगळ्यांसमोर विचारला. मला तोंडी उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लेखी.

बावीस वर्षं मी मार्केट यार्डात हमाली केली. शंभर किलोचं पोतं. ट्रकमधून पाठीवर, पाठीवरून थप्पीवर. पोत्यांचा हिशोब मुकादमाकडे असायचा. दुखण्याचा हिशोब कुणाकडेच नव्हता. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, हमालाच्या मजुरीला कागदावर नाव मिळालं. पाठीच्या दुखण्याला नाव शोधत मात्र मी एकटाच फिरलो.

सरकारी दवाखान्यात तीन तास लाईन. आत तीन मिनिटं. माझ्या मुलाच्या वयाचा डॉक्टर. मान वर न करता म्हणाला, "काय काम करायचा तू?"

"हमाली."

"मग दुखणारच ना."

मी निदान विचारायला गेलो होतो. त्याने निवाडा दिला. मग दुखणारच. म्हणजे तुझं दुखणं हे दुखणं नाही, तो तुझा धंदा आहे. ज्याची पाठ ओझ्यासाठीच आहे तिची तक्रार कसली ऐकायची? हजार वर्षं हेच सांगितलं ना आपल्याला? फक्त तेव्हा पोथीतून सांगायचे, आता केसपेपरवर.

गोळ्या खाल्ल्या. सात-आठ वर्षं रोज दोन, कधी तीन. एक दिवस शौचाला काळं पडलं. पोटात रक्त. पुढे रक्ताच्या रिपोर्टात क्रिएटिनिन चढलेलं. दुसऱ्या एका डॉक्टरांनी, चांगला माणूस, स्पष्ट सांगितलं, "काका, या गोळ्या बंद. नाहीतर किडन्या जातील." त्यांनी ट्रामाडॉल लिहून दिली. ही गोळी २०१८ सालापासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आली आहे. मेडिकलवाल्या पोराने चिठ्ठी उलटी केली, सुलटी केली, मग माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. म्हणाला, "हे लोक नशेसाठी घेतात." मी चिठ्ठी घेऊन परत आलो. उन्हात चालत आलो. पाठीपेक्षा ते चालणं जास्त दुखलं.

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. कॉम्प्युटरचं काम. एका रविवारी फोनवर म्हणाला, "मामा, इथं पाठीसाठी लोक गांजाचं औषध घेतात. आधी डॉक्टरची शिफारस लागायची, आता एकवीस वर्षांच्या वरच्याला तीपण लागत नाही."

शिफारस हा शब्द माझ्या डोक्यात अडकला. चौकशी केली, वाचलं. अमेरिकेत १९७० च्या कायद्याने गांजा पहिल्या यादीत टाकला. ज्याचा औषध म्हणून मान्य उपयोग नाही अशांची ती यादी. त्यामुळे डॉक्टरला गांजा औषध म्हणून लिहून देता येईना. सॅन फ्रान्सिस्कोत एड्सने झिजणारी माणसं, त्यांना सांभाळणारी माणसं रस्त्यावर उतरली. नोव्हेंबर १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी कायदा मंजूर केला. त्यात पळवाट अशी की डॉक्टरने औषध लिहून द्यायचं नाही, फक्त शिफारस करायची. केंद्र सरकारने डॉक्टरांना लायसन काढून घेण्याची धमकी दिली. २००२ साली तिथल्या कोर्टाने सांगितलं की डॉक्टरने रोग्याला शिफारस करणं हे बोलण्याचं स्वातंत्र्य आहे. २०१६ मध्ये प्रौढांना सरसकट मोकळीक झाली.

मित्रहो, शिफारस हा शब्द आपल्याला ओळखीचा आहे. आपल्याकडे शिफारस म्हणजे वरच्याचा हात. पाटलाची चिठ्ठी, आमदाराचं पत्र, साहेबाचा फोन. ज्याच्याकडे ती आहे त्याचं काम होतं. ज्याच्याकडे नाही त्याने खरं असून खोटं ठरायचं. आता दुखण्यालासुद्धा शिफारस लागते. माझी पाठ दुखते हे मी सांगून भागत नाही, कुणीतरी कोट घातलेल्याने ते सांगावं लागतं.

आपल्याकडे कायदा १९८५ चा. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलाफळांचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येत नाहीत. त्या फटीतून आयुर्वेदाचं औषध निघतं. पानाचा अर्क, नाव 'विजया', वैद्याच्या चिठ्ठीवर. मी वैद्याकडे गेलो. त्याने विचारलं, "शून्य ते दहा, दुखणं किती?" मला आकडा सांगता येईना. आयुष्यभर पोती मोजली, पण हे कसं मोजायचं? दहा म्हटलं तर म्हणेल ढोंग करतो. चार म्हटलं तर म्हणेल मग आलास कशाला? मी सात म्हटलं. सात का, ते मलाही माहीत नाही. बाजारात भाव सांगावा तसं सांगितलं. त्याने मान डोलावली आणि चिठ्ठी लिहिली.

चिठ्ठी हातात आली आणि मी ती डायरीत घडी घालून ठेवली. एक महिना औषध आणलं नाही. पैशाची गोष्ट होतीच. त्या एका बाटलीत घरी आठवड्याचा बाजार येतो. पण खरं कारण पैसा नव्हता. खरं कारण असं की दर रविवारी विहारात मीच पोरांकडून पंचशील म्हणून घेतो. बावीस प्रतिज्ञा मीच समजावून सांगतो. सतरावी दारू न पिण्याची. आणि माझ्या डायरीत भांगेची चिठ्ठी!

लपवून घेता आलं असतं. कायदा माझ्या बाजूला होता. पण लपवलं की ते औषध राहत नाही, असं मला वाटलं. म्हणून एका रविवारी वंदना झाल्यावर मी ते सांगून टाकलं. सगळे गप्प. मग एक पोरगा उभा राहिला. बावीस वर्षांचा. हुशार, तापट, आपल्या कामातला. त्याचा बाप हातभट्टीने गेला. तो म्हणाला, "काका, रागवू नका. माझा बापपण हेच म्हणायचा. अंग दुखतं म्हणून घेतो."

मला आधी रागच आला. मी म्हणणार होतो, औषध वेगळं आणि दारू वेगळी. पण ओठांवर आलेलं वाक्य मी गिळलं. कारण मी हमाल आहे. मला माहीत आहे की ट्रक रिकामा झाल्यावर आमची टोळी गुत्त्यावर जायची ती चैनीसाठी नव्हती. अंग मोडलेलं असायचं. घोट घेतला की रात्री झोप यायची, आणि सकाळी पुन्हा शंभर किलो. तेही औषधच होतं, बिनचिठ्ठीचं. मग माझ्यात आणि त्याच्या बापात फरक काय? एका कागदाचा?

हा या लेखाचा प्रश्न आहे.

कागदाने शील ठरत नाही, हे आधी कबूल करू. कागदाने कायदा ठरतो. आणि कायदा कुणासाठी कसा वाकतो हे आपण रोज बघतो. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा १९४९ चा. त्याखाली दारू प्यायला परवाना लागतो, आणि तो परवाना देण्याचं कारण काय, तर आरोग्य राखणे! मोठ्या हॉटेलात बसलेला परवानेवाला शेठ आरोग्य राखतो आणि गुत्त्यावरचा हमाल व्यसनी. कुंभमेळ्यात साधूची चिलीम भरली की भक्तिभाव, झोपडपट्टीतल्या पोराच्या खिशात पुडी सापडली की एक वर्षापर्यंत कैद. अमेरिकेतही तेच. काळे आणि गोरे गांजा साधारण सारखाच ओढतात, पण २०१८ च्या आकड्यांवरून तिथल्या नागरी स्वातंत्र्याच्या संघटनेने दाखवलं की जवळ गांजा सापडल्याबद्दल काळ्या माणसाला अटक होण्याची शक्यता गोऱ्यापेक्षा ३.६४ पट. आणि दुखण्याचं म्हणाल तर २०१६ साली व्हर्जिनियात गोऱ्या मेडिकल विद्यार्थ्यांना आणि शिकाऊ डॉक्टरांना विचारलं, तेव्हा काळ्यांची कातडीच जाड असते अशा खोट्या समजुतींपैकी निदान एक तरी जवळजवळ निम्म्यांना खरी वाटत होती. जाड कातडी! मग दुखणारच ना, याचा हा सख्खा भाऊ.

म्हणजे कागद बाजूला ठेवायचा. मग उरतं शील.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये नियम आणि तत्त्व यांत फरक केला. नियम सांगतो हे कर, ते करू नको. माणूस सवयीने पाळतो. तत्त्व तुम्हाला विचार करायला लावतं, म्हणून तुमच्यावर जबाबदारी टाकतं. हिंदूंचा धर्म हा नियमांचा गठ्ठा आहे, हा त्यांचा आरोप होता. पुढे 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये अहिंसेबद्दल बोलताना त्यांनी हाच धागा धरला. मारण्याची हौस आणि मारण्याची गरज यांत भगवंत फरक करतात, असं त्यांनी मांडलं. मग पाचव्या शीलाला आपण नियम करून टाकायचं का? त्या शीलात नशेच्या पदार्थांची नावं आहेत आणि त्यांच्या पाठोपाठ एक शब्द आहे, पमाद. बेसावधपणा. नशेपासून दूर राहायचं ते कशासाठी, तर माणूस बेसावध होतो म्हणून. बेसावध माणूस बायकोला मारतो, पगार उडवतो, मोर्च्याला येत नाही, मत विकतो. गुलामाला बेसावध ठेवणं मालकाच्या सोयीचं असतं. हे तत्त्व मी शंभर टक्के मानतो.

पण दुखणंही माणसाला बेसावध करतं, हे कुणी सांगत नाही. ज्या रात्री पाठ धरते त्या रात्री मी बुद्धाचा नसतो, बाबासाहेबांचा नसतो. मी फक्त पाठ असतो. नातीवर ओरडतो. मिटिंगमध्ये दुसरा काय बोलतो ते ऐकू येत नाही. बाबासाहेब मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने बेजार असताना लिहीत राहिले. ते आपण अभिमानाने सांगतो. सांगावंच. पण त्यांनी वैद्यकीय उपचार नाकारले नाहीत, हेही सांगावं. सोसणं हे शील नाही. सोसण्याची पूजा हा बामणांचा माल आहे. तुझं कर्म, भोग!

आता विनयपिटकात काय आहे ते पाहा. महावग्गात भेसज्जक्खंधक म्हणून औषधांचा भाग आहे. पिलिंदवच्छ नावाच्या भिक्खूला वाताचं दुखणं होतं. वैद्यांनी तेल कढवून द्यायला सांगितलं, आणि त्या तेलात दारू घालावी लागत होती. भगवंतांनी परवानगी दिली. मग सहा जणांची एक टोळी होती, त्यांनी भरपूर दारू घालून तेल कढवलं, प्यायले आणि झिंगले. भगवंतांनी तेलावर बंदी नाही घातली. माप घातलं. दारूचा रंग, वास, चव कळणार नाही इतकीच घाला. जास्त पडली असेल ते तेल पिऊ नका, अंगाला चोळा.

त्याच भागात अंगातल्या वातासाठी भंगोदक नावाचा उपाय आहे. हॉर्नरबाईंनी इंग्रजीत त्याचं भांगेचं पाणी केलं. बुद्धघोषांची अट्ठकथा म्हणते, नाना प्रकारचा पाला घालून उकळलेलं पाणी, अंगावर ओतून शेकायचं. यावर मी भांडणार नाही. भगवंतांनी भांगेला परवानगी दिली होती असा दाखला मला उभा करायचा नाही. तसला दाखला शोधणं म्हणजे पुन्हा शिफारसच शोधणं.

मला त्या गोष्टीतलं दुसरंच काही भिडलं. हा पिलिंदवच्छ कोण? जन्माने ब्राह्मण. उदानात त्याची गोष्ट आहे. तो बाकीच्या भिक्खूंना 'वसल' म्हणून हाक मारायचा. वसल म्हणजे नीच, हलकट, जातीबाहेरचा. तक्रार गेली. भगवंतांनी सांगितलं की याच्या मनात द्वेष नाही, ही मागच्या ब्राह्मण जन्मांची सवय आहे. जन्मांचं बाजूला ठेवा, ब्राह्मणी सवय एवढं घ्या. म्हणजे जो आपल्याला वसल म्हणणारा, त्याच्या सांध्यांसाठी विनयात एवढे उपाय! आणि प्रत्येक वेळी काय घडतं? एक उपाय करतात. त्याला बरं वाटत नाही. भगवंतांना कळवतात. ते दुसरा उपाय सांगतात. पुन्हा बरं वाटत नाही. तिसरा. चौथा. एकदाही कुणी म्हणत नाही, खोटं बोलतो. कुणी विचारत नाही, दहापैकी किती? त्याचं दुखणं त्याच्या शब्दावर खरं धरलं गेलं.

वसल म्हणणाऱ्याला जे मिळालं तेच वसल म्हटल्या गेलेल्यांना मिळावं, एवढीच माझी मागणी आहे. जगभरच्या वेदनातज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या नव्याने केली, तेव्हा सोबत हेही लिहिलं की माणूस आपल्याला दुखतं म्हणून सांगतो त्याचा आदर केला पाहिजे. अडीच हजार वर्षांनी तिथेच आले.

पण विश्वासाला दुसरी बाजू आहे. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवा म्हणायचं, तर शब्द खरा पाहिजे. त्या सहा जणांच्या टोळीने औषधाच्या नावाखाली नशा केली आणि आजाऱ्याचं औषध अडचणीत आणलं. कॅलिफोर्नियातही शिफारसपत्रं विकणारी दुकानं निघाली होती. शिवाय हे औषध म्हणजे जादू नव्हे. २०१७ साली अमेरिकेतल्या विज्ञान अकादमीने म्हटलं की प्रौढांच्या जुनाट दुखण्यावर याचा उपयोग होतो याला भक्कम पुरावा आहे. २०२१ साली त्याच वेदनातज्ज्ञांच्या संघटनेने म्हटलं की पुरावा पुरेसा नाही, आम्ही सरसकट पाठिंबा देत नाही. दोन्ही वाचून मी ठरवलं. गुडघे दुखतात म्हणून कुणी हा लेख वाचून गांजा ओढायला लागला तर तो माझा माणूस नाही.

औषध आणलं. रात्री झोपताना, वैद्याने सांगितलं तेवढंच. माझे तीन नेम आहेत. एक, बायकोला आणि विहारातल्या पोरांना माहीत असेल. दोन, ज्या दिवशी मिटिंग, भाषण किंवा रात्रीची धावपळ असेल त्या दिवशी घ्यायचं नाही, दुखलं तरी. तीन, दुखणं वाढलं नाही आणि तरी मन जास्त मागायला लागलं, तर त्या दिवशी बंद. तिसऱ्या नेमावर पहारा माझाच. तिथे वैद्याचा कागद कामाचा नाही. पाठ अजून दुखते. पण रात्री चार तास झोप लागते. नातीवर ओरडणं कमी झालं आहे. हे तिनेच सांगितलं.

आता त्या पोराला उत्तर.

बाळा, तू विचारलंस ते बरोबर होतं. तुझ्या बापाला मी ओळखत होतो. आमच्या टोळीत नव्हता, शेजारच्या टोळीत होता. त्याचं अंग खरंच दुखत होतं. त्याने तुझ्या आईला मारलं तेही खरं, आणि दुखण्याने त्याची माफी होत नाही. दारूने त्याला खाल्लं आणि तुमचं घर खाल्लं. सतरावी प्रतिज्ञा बाबासाहेबांनी उगाच दिली नव्हती. पण आम्ही कार्यकर्ते त्याच्या दारात किती वेळा गेलो, ते मला आठवतं. दर वेळी प्रतिज्ञा सांगायला गेलो. लाज वाटावी म्हणून चार लोकांत बोललो. एकदाही, एकदासुद्धा कुणी विचारलं नाही की बाबा, तुझं कुठं दुखतं? चल, दवाखान्यात लाईनला मी उभा राहतो. तो डॉक्टर मला म्हणाला ना, मग दुखणारच. आम्हीही त्याला तेच म्हटलं. आमच्या तोंडात फक्त शील होतं.

माझ्यात आणि त्याच्यात फरक कागदाचा नाही. मला विचारणारं कुणीतरी होतं. भाचा होता, तो चांगला डॉक्टर होता, आणि सगळ्यांसमोर उभा राहून अडवणारा तू होतास. त्याला यातलं काहीच मिळालं नाही.

मित्रहो, तुम्ही वस्तीत व्यसनमुक्तीचं काम करता. करा. गुत्ते बंद पाडा. पण पुढच्या वेळी कुणाच्या दारात जाल तेव्हा प्रतिज्ञेच्या आधी त्याची पाठ विचारा. त्याने सांगितलं तर आकडा मागू नका. खरं धरा आणि सोबत जा.

जयभीम.